जमिनीचं तोंड

वैशाखातली भर दुपार, मी गायरानात पालथी पडलेय, आणि जमिनीच्या भेगेला तोंड लावून आमच्या हेडगुरुजींच्या आवाजात ओरडतेय... "रांगेत उभे राहा, गाढवांनो!" विहिरीत ओरडलं तर विहीर उलटून आपल्यालाच गाढव म्हणते. भेग तसं करत नसे. ती आवाज घटाघट पिऊन टाकायची आणि गप्प बसायची. वर डोकं तापून तवा झालेलं, पण नाकाशी मात्र आतून गार वास यायचा — माठाच्या बुडाचा, जुन्या शेणाचा, गवताच्या मुळ्यांचा. माझ्या नकला शेवटपर्यंत ऐकून घेणारी गावात ती एकटीच.

आमचं गाव एरंडोल आणि भडगावच्या मधे कुठेतरी, आणि गावाला लागून हे गायरान. सगळी काळी माती. उन्हाळ्यात ती अशी तडकायची की हात खांद्यापर्यंत आत जायचा, शेळीचं करडू पाय अडकून बोंब मारायचं. पावसाळ्यात तीच माती फुगायची, भेगा मिटून जायच्या, जणू त्या कधी नव्हत्याच; आणि मग ती तळव्याला अशी चिकटायची की शाळेत पोचेपर्यंत माझी उंची चार बोटं वाढलेली असायची. मधेमधे पांढरे चुनखडीचे खडे वर यायचे, त्यांनी आम्ही पाटीवर लिहायचो. खाली मुरूम, त्याच्याखाली काळा पाषाण. तो पाषाण झिजून झिजून ही माती झाली, असं गुरुजी शिकवायचे, आणि 'लाव्हारस' म्हणताना पहिल्या बाकापर्यंत रस उडवायचे. (ही नक्कल मी अजूनही करते. समोरच्याने रुमाल धरावा.)

गावची गुरं राखायची धोंडाअक्का. बोरीच्या काठीसारखी काटक, कासोटा घातलेलं लुगडं, हातात बोरीचीच काठी. सकाळी गल्लीच्या तोंडाशी उभी राहून ती "हो ऽ ऽ हिय्या!" अशी हाळी द्यायची आणि घराघरांतून गाई बाहेर पडायच्या. मी एकदा तशीच हाळी दिली, तर अर्ध्या गल्लीची गुरं पहाटेच येऊन उभी राहिली. अक्काने माझा कान पिळला आणि हसलीही. तेव्हापासून ती मला मैना म्हणायची.

नव्वदच्या आसपासची गोष्ट असेल. तालुक्याहून निरोप आला की साहेब गायरान पाहायला येणार. जमीन पडीक ठरली, तर ती खडीच्या खाणीला द्यायची. वरची माती काढून फेकायची आणि खालचा पाषाण फोडायचा. म्हणजे गावच्या दीडशे गुरांनी चरायचं कुठे, आणि अक्काने जायचं कुठे? गाव हादरलं. आणि हादरलेल्या गावाने काय केलं, तर पाहुणा यायच्या आधी जसं फाटकं अंथरूण झाकतात, तसं गायरान झाकायचं ठरवलं.

सरपंचभाऊ पारावर उभे राहून म्हणाले, "साहेबासमोर ह्या भेगा? लाज आणता काय गावाला? सगळ्या बुजवा!"

झालं. नाल्याकाठचा मुरूम बैलगाड्यांनी आला, बायका टोपल्या घेऊन, पोरं घमेली घेऊन, प्रत्येकाला गुळाचा खडा. मी तर दोन खडे खाल्ले. माझं ऐकणाऱ्या भेगेच्याच तोंडात मी मुरूम कोंबत होते, आणि वर भाऊंची नक्कल करत होते, "लाज आणता काय!" सगळे हसत होते.

अर्धं गायरान बुजवून झालं तोवर अक्का गुरं घेऊन आली. तिने काठी आडवी धरली आणि आपल्या अहिराणीत ओरडली.

"थांबा रे! भेग नही शे ती, जमीननं तोंड शे. तोंड बुजं तर पानी कसं पिई ती?"

"अक्का, साहेब जमीन पाहणार, तिचे दात नाही," भाऊ म्हणाले.

"मंग माले बी बुजी टाका," असं म्हणून अक्का उरलेल्या अर्ध्या गायरानाच्या बांधावर मांडी घालून बसली. तिच्यामागे गुरं बसली. दीडशे गुरांना उठवणार कोण? सगळी अक्काचंच ऐकणारी. अर्धं गायरान उघड्या तोंडाचं राहिलं.

दोन दिवसांनी साहेबांची जीप आली. साहेब बुजवलेल्या बाजूने चालत आले, ठीक आहे म्हणाले. मग भेगांपाशी थबकले. "ही तर मेलेली जमीन आहे," ते म्हणाले, आणि खिशातून पेन काढलं.

सगळ्यांनी अक्काकडे पाहिलं. दीडशे गुरांना एका हाळीत वळवणारी अक्का... तिने डोक्यावर पदर ओढला आणि पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिली. साहेबासमोर तिचं तोंड बुजलं होतं! आणि मग माझ्या तोंडातून तिचा आवाज निघाला, जसाच्या तसा, घोगरा, काठी आपटल्यासारखा.

"ओ सायेब! मरेल नही, झोपेल शे ती! उपाशी मानूसले कोनी ढेकर मांगस का? पोयाले या, पोट भरेल ऱ्हाई तिनं. मंग बोला!"

साहेबांनी आधी अक्काकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग परत अक्काकडे. भाऊंनी मला मारायला हात उचलला, आणि साहेब खो खो हसत सुटले. "बरं बाई," ते मला हात जोडून म्हणाले, "पोळ्याला येतो. तोवर काही लिहीत नाही."

पेन खिशात गेलं. अक्काने पदराआडून मला एक डोळा मारला.

मग पावसाळा लागला. त्याचं कौतुक करणारे पुष्कळ आहेत, मी मातीचंच सांगते. अक्काच्या बाजूच्या भेगांनी आठ दिवस नुसतं गटागटा पाणी प्यायलं, नाल्याला थेंब दिला नाही; मग माती फुगली, भेगांनी आपापलं तोंड मिटून घेतलं, आणि मारवेल, पवना गवत असं उठलं की उभी गाय शोधायलाही शिंगं पाहावी लागत. आणि आमच्या बाजूला? मातीला फुगायचं होतं आणि फुगायला जागाच नव्हती! मग ती वर उठली. सपाट केलेल्या जमिनीवर कुबडं आली, मधे डबकी, त्यांत बेडूक. सगळ्या गावाची हुशारी उंटाच्या पाठीसारखी वर आलेली.

पोळ्याच्या दिवशी साहेब आले. जीप आमच्याच बाजूला रुतली, भाऊंसकट. साहेब उतरून चालू लागले तर बुटांना अशी माती चढली की चार पावलांत ते भाऊंपेक्षा उंच झाले. शेवटी बूट तिथेच सोडून अनवाणी ते अक्काच्या बाजूला पोचले. गवत त्यांच्या छातीला लागत होतं. त्यांनी मूठभर उपटून पाहिलं, मुळ्या निघेनात. मग ते मोठ्याने म्हणाले, "गायरान, गायरानच राहील!"

बैलांच्या घुंगरमाळा, ढोल, पोरांचा गलका... आणि सगळ्या गावाच्या वर चढलेली अक्काची हाळी, "हो ऽ ऽ हिय्या!" त्या वर्षी पोळ्याच्या तोरणाखालून पहिला मान बैलांच्या आधी अक्काच्या म्हाताऱ्या गाईला मिळाला, आणि भाऊंनीच तिच्या शिंगांना बेगड लावली.

गायरान अजून आहे. अक्का नाही. ती कुबडंही वर्षावर्षाला खचत गेली. माती आतल्या आत उलथत राहते, आपण कोंबलेला मुरूम कुठेतरी पोटात जिरवून टाकते. गेल्या मे महिन्यात मी गेले होते. आमच्या बाजूला पुन्हा भेगा पडल्यात, हात खांद्यापर्यंत जातो. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून पालथी पडले, तोंड लावलं आणि अक्काच्या आवाजात हाळी दिली.

भेगेने ती पिऊन टाकली. मी मान वर केली, तर पलीकडच्या निंबाखालून सात-आठ गाई उठून माझ्याकडे चालत येत होत्या.