न झालेल्या सामन्यावरून

रविवार, २१ जून. दोन मशीन कपडे वाळत घालायचे होते. इकडे क्वेकर्स हिलला जून म्हणजे हिवाळा, आणि आमच्या मागच्या अंगणात ऊन दहाला येतं आणि दोनला जातं, त्यामुळे थांबून चालत नाही. दोरी कुंपणाला लागून आहे. म्हणून त्या दिवशीचं भांडण मी सुरुवातीपासून ऐकलं.

भांडणारे दोघे. अलीकडे माझे सासरे, सांगलीकडच्या शाळेतले निवृत्त व्यायामशिक्षक, उलट्या बादलीवर उभे. पलीकडे शेजारी, निवृत्त बस मेकॅनिक, तरुणपणी थोडंफार बॉक्सिंग केलेला. तो उंच असल्यामुळे त्याला बादली लागत नाही. विषय नेहमीचाच: एकमेकांना कधीच न भेटलेले दोन मुष्टियोद्धे समोरासमोर आले असते तर कोण जिंकला असता? शेजाऱ्याचा चॅम्पियन काळ्या-पांढऱ्या फिल्ममधला, विटेसारख्या जबड्याचा. सासऱ्यांचा रंगीत जमान्यातला, पायाने नाचणारा. पहिला निवृत्त झाला तेव्हा दुसरा पाळण्यात होता. नावं लिहीत नाही. लिहिली तर वाचकही बाजू घेतील.

"सहाव्या फेरीत डावा हुक," शेजारी म्हणाला. "खेळ खलास, मेट."

"हुक लागायला माझा तिथे उभा तर पाहिजे!" सासरे मास्तरांच्या पूर्ण वाक्यांच्या इंग्रजीत म्हणाले. "तुझा मारेल तेव्हा माझा त्याच्या पाठीमागे असेल."

"पळतच राहणार असेल तर त्याला मॅरेथॉनला पाठव."

"बाबा, बादली हलतेय," मी म्हटलं.

"तू कपडे बघ गं." मग कुंपणापलीकडे: "तुझा माणूस आयुष्यभर लढला कुणाशी? जत्रेतल्या तंबूतल्या लोकांशी!"

शेजारी फक्त "राइट" म्हणाला आणि घरात गेला. मागचं दार जोरात लागलं.

"हरला," सासरे म्हणाले.

"हरला नाही. त्याचे वडील जत्रेतल्या तंबूत लढायचे. गावोगाव फिरून, येईल त्याच्याशी. त्याने मला मागे सांगितलं होतं."

सासरे बादलीवरून खाली उतरले. "जत्रेत लढायचे? मग आधी सांगायचं ना! जत्रेतला गडी म्हणजे खरा गडी. आमचे वस्ताद जत्रेतच मोठे झाले."

"मग आत्ता शिवी दिल्यासारखे का बोललात?"

"वादात बोलावं लागतं."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. सासूबाई गेल्यापासून सासरे सांगलीच्या घरात एकटेच होते. तिथे न्हाणीत एकदा पडले, आणि शेजारणीला दुपारपर्यंत कळलं नाही. म्हणून त्यांना इकडे आणलं. परतीचं तिकीट सप्टेंबरअखेरचं होतं. ते तोवर तरी राहावेत, जमल्यास पुढेही, एवढंच मला हवं होतं. पण सुरुवातीचा एक महिना ते रोज "मी इथे करू काय?" म्हणत होते. मी वेस्टमीडला पॅथॉलॉजी लॅबमध्ये, नवरा कामासाठी बहुतेक वेळ देशाच्या दुसऱ्या टोकाला, पर्थला. शेजाऱ्याशी भांडण सुरू झालं आणि तो प्रश्न थांबला. आता भांडायलाच कोणी उरलं नाही.

सोमवारी कुंपणावर कोणी आलं नाही. मंगळवारीही नाही. संध्याकाळी सासरे म्हणाले, "त्याला काहीतरी गोड पाठव." पुरण शिजवायला मला वेळ नव्हता. फ्रीजरमध्ये चार पुरणपोळ्या होत्या, त्या तूप लावून गरम केल्या आणि स्टीलच्या डब्यात घालून दिल्या. सासरे स्वतः देऊन आले. "थँक्यू म्हणाला. हसला नाही," असा अहवाल मिळाला.

गुरुवारी सकाळी डबा आमच्या पायरीवर होता. घासूनपुसून लख्ख. सासऱ्यांनी झाकण उघडून मला दाखवलं.

"रिकामा."

"बाबा, त्यांच्यात..."

"रिकामा डबा परत करतात का कोणी? चिमूटभर साखर तरी घालतात. त्याने तोंडावर सांगितलंय की संबंध संपला." डबा ओट्यावर ठेवून ते त्यांच्या खोलीत गेले. आतून कपाटाचा आवाज आला. "शनिवारचं तिकीट मिळतंय का बघ. उगाच कोणाच्या दारात राहायचं नाही."

शिफ्टवरून परत आल्यावर पर्स न ठेवताच मी ओट्यावरचा डबा उचलला आणि शेजाऱ्याचं दार वाजवलं.

"हा रिकामा का दिलास?"

तो घाबरलाच. "दोनदा घासला. तूप निघेना. अजून राहिलंय का?"

मी डब्याचा नियम सांगितला. त्याने तो उभ्याउभ्या, वाहतुकीचा नियम ऐकावा तसा ऐकला.

"आणि तू चिडलायस का?"

"सोमवारपर्यंत चिडलो होतो. मंगळवारी कंटाळा आला. पण पहिल्यांदा मी कसा जाणार? वाईट बोलला तो, आणि डबा देतानाही सॉरी म्हणाला नाही." मग डब्याकडे बघत, "ते गोड छान होतं. मला डायबिटीस आहे. चारही खाल्ल्या."

"डब्यात काहीतरी घाल आणि घेऊन ये. साखरही चालते."

"साखर घरात नाही. डॉक्टरने फेकायला लावली."

"मग काहीही घाल," म्हणून मी डबा त्याच्या हातात देऊन आले.

अर्ध्या तासाने बेल वाजली. सासऱ्यांनीच दार उघडलं. शेजारी इस्त्रीच्या शर्टात, दोन्ही हातांत डबा. आत साखरेच्या कागदी पुड्या, काठोकाठ. क्लबात बिनसाखरेची कॉफी प्यायची आणि बशीतल्या पुड्या सवयीने खिशात घालायच्या, असं त्याचं वर्षानुवर्षं चाललं होतं. त्या साऱ्या एका ड्रॉवरमध्ये पडून होत्या.

सासऱ्यांनी डबा घेऊन बाजूला ठेवला, एक पुडी उचलली, उलटसुलट करून पाहिली. मग फाडून अर्धी साखर त्याच्या तळहातावर ओतली, अर्धी आपल्या तोंडात टाकली.

"बाबा, त्याला डायबिटीस आहे!"

"एवढ्याने काय होतंय!" दोघेही एकदमच म्हणाले, एक मराठीत आणि एक इंग्रजीत.

सासऱ्यांनी त्याला सोफ्यावर बसवलं. "तुझे वडील किती वजनाचे?"

"बारीक. पण हात लांब."

"आमचे वस्ताद बुटके. पण एकदा कमरेला धरलं की सुटका नाही."

"धरणं चालत नाही, मेट. बॉक्सिंग आहे."

"कोण म्हणतं? पहिला अर्धा तास तुझे नियम, पुढचा अर्धा माझे."

"पुढच्या अर्ध्या तासापर्यंत तुझा माणूस शुद्धीवर असेल का?"

चहा टाकता टाकता मी विचारलं, "बाबा, शनिवारच्या तिकिटाचं काय करायचं?"

त्यांनी माझ्याकडे वर्गात मध्येच बोलणाऱ्या मुलाकडे बघावं तसं बघितलं. "शनिवारी कसं जमेल? अजून मैदान ठरलेलं नाही, पंच ठरलेला नाही. हा म्हणतो लाकडी फळ्या, मी म्हणतो लाल माती."

"लाल माती आमच्याकडेही आहे," शेजारी म्हणाला. "हव्या तेवढ्या ट्रक भरून."

"बघ! म्हणजे मैदानाचं तरी जमलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी वेस्टमीडच्या ट्रेनमध्ये बसल्या बसल्या मी एजंटला फोन केला आणि सप्टेंबरचं तिकीट नोव्हेंबरवर ढकललं. त्याने कारण विचारलं नाही, ते बरंच झालं.