बेवारशी कॅप्टन आणि जनरल काकू

जनरल काकू माणसाच्या तोंडाकडे आधी बघतच नसत. आधी छाती, मग खांदे, मग बटणं, आणि वेळ उरलाच तर चेहरा. आमच्या मंडळाच्या गणपतीत एकदा प्रमुख पाहुणे कोटाला सोनेरी बिल्ला लावून आले. काकूंनी पुढे होऊन तो दोन बोटांत धरला. "हे कशाबद्दल?" पाहुणे म्हणाले, "असंच, शोभेला." "मग काढा," काकू म्हणाल्या. पाहुण्यांनी तो भाषणाआधी मुकाट्याने काढून खिशात टाकला.

मी अमेरिकेत वेस्ट विंडसरला आले तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची होते, म्हणजे तशी अल्लडच. पुण्यात तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेली, मुलीच्या बाळंतपणाला आलेली, आणि जगाचा इतिहास आपल्याला विचारूनच घडला अशा थाटात वावरणारी. चार घरं सोडून राहणाऱ्या, पंचाहत्तरी ओलांडलेल्या काकू दीडशे वर्षांपूर्वीच्या जर्मन लष्करी अधिकाऱ्यांचा शोध घेतात, कोण कुठल्या पलटणीत होता, कुणाला कुठलं पदक कशाबद्दल मिळालं हे हुडकून काढतात, असं कळल्यावर मला हसूच फुटलं. पहिल्याच भेटीत मी विचारलं, "काकू, त्या मेलेल्या जर्मनांशी तुमचा काय संबंध?"

"तू पानिपत शिकवायचीस ना? तुझं कोण होतं तिथे?"

मी चहा प्यायले.

काकू लग्नाआधी पुण्यात जर्मन शिकल्या होत्या आणि एका कारखान्यात मशिनांबरोबर येणारी जर्मन पुस्तकं इंग्रजीत उतरवून द्यायच्या. इथे त्यांच्या बेसमेंटमध्ये मुलाचं जुनं पिंगपाँगचं टेबल होतं, आणि त्यावर त्या सैन्याच्या वर्षावर्षांच्या याद्या पसरलेल्या. अधिकाऱ्याचं नाव, पलटण, हुद्दा, आणि पुढे पदकांच्या मुंगीएवढ्या खुणा. "माणूस दर वर्षी एकेक ओळ वर सरकतो," काकू सांगत. "ज्या वर्षी दिसत नाही, त्या वर्षी एक तर मेला, नाहीतर भलत्या मुलीच्या प्रेमात पडला."

अमेरिकाभरातून लोक त्यांना आपापल्या पूर्वजांचे फोटो पाठवत. ओहायोच्या एका गृहस्थाचे पणजोबा म्हणे शूर जनरल होते. काकूंनी कळवलं, ते घोड्यांचे डॉक्टर होते, आणि चांगले होते. गृहस्थ चिडला. तुम्ही भारतातल्या, आमच्या घराण्याचं तुम्हाला काय कळणार, असं त्याने लिहिलं. काकूंनी मला उत्तर टाइप करायला सांगितलं. दोनच वाक्यं: 'तुमच्या पणजोबांची भाषा मला वाचता येते. तुम्हाला येते का?'

"काकू, जरा मऊ लिहूया का?"

"मऊपणा पोळीत ठेव."

या सगळ्याची सुरुवात एका गराज सेलमध्ये, म्हणजे कुणाच्या तरी घरच्या जुन्या सामानाच्या विक्रीत झाली होती. फ्रेममध्ये एका अधिकाऱ्याचा फोटो, मागे नाव नाही. विकणारी बाई म्हणाली, "फ्रेम छान आहे, आतला माणूस टाकून द्या." काकूंनी फ्रेम टाकली आणि माणूस ठेवला. खांद्यावरच्या चांदण्यांवरून तो कॅप्टन होता हे कळलं, आकड्यावरून पलटण कळली, फोटो चिकटवलेल्या पुठ्ठ्याच्या घडणीवरून साधारण काळही कळला. नाव मात्र वीस वर्षं सापडलं नाही. मी त्याला बेवारशी कॅप्टन म्हणायची. काकूंना ते आवडत नसे.

मग त्यांच्या दृष्टीच्या मधोमध डाग आला. कडेचं दिसे, समोरचं पुसट. देशाच्या दुसऱ्या टोकाला, क्युपर्टिनोत राहणाऱ्या मुलाने फर्मान काढलं, "आई, घर विकायचं, तू माझ्याकडे यायचं. आणि ती पुस्तकं सोड, सगळ्याच्या पीडीएफ मिळतात." काकू म्हणाल्या, "येते. पण ज्याला वीस वर्षांपूर्वी घरी आणलं, त्याचं नावही न विचारता घर बंद करू?" मुलाने सहा महिने दिले. काकूंनी मला डोळे म्हणून नेमलं.

आजवर न मिळालेल्या त्या वर्षांच्या याद्या शेवटी मिळवल्या, तेव्हा त्या पलटणीत त्या काळातले अकरा कॅप्टन निघाले. मी एकेकाची पदकं वाचून दाखवायची, काकू डोक्यात ताडून बघायच्या. सात जण झाले, एकही जुळेना. पाच महिने संपले. घराला गिऱ्हाईक मिळालं. मला त्यांचा चेहरा बघवेना, म्हणून मी माझ्या अक्कलहुशारीने सुचवलं, "काकू, लिहून टाकू एखादं नाव. कोण येतंय तपासायला?"

काकूंनी माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली. म्हणाल्या, "नाव सापडलं नाही तर 'नाव माहीत नाही' असं लिहायचं. मेलेल्या माणसाला दुसऱ्याचं नाव लावायचं नाही. त्याला 'नाही' म्हणायला येता येत नाही." मग एकदम थांबल्या. "अकरा होते ना गं? वाचलेस सातच."

मी फुशारकीने सांगितलं, की चौघांना मी आधीच खोडलं होतं. त्या चौघांकडे पंचवीस वर्षांच्या नोकरीबद्दल मिळणारं क्रॉसचं पदक होतं. त्याची फीत निळी, हे मी पुस्तकात वाचलं होतं. फोटोतली फीत चक्क पांढरी होती.

काकूंनी कपाळावर हात मारला. "अगं मास्तरीणबाई! त्या काळी फोटो काचेवर काढत, आणि त्या काचेवर निळा रंग पांढराच उमटायचा! त्या फोटोंत निळ्या डोळ्यांची माणसं भुतासारखी दिसतात, बघितलं नाहीस?"

तीस वर्षं मुलांना 'नीट वाचा' म्हणून ओरडणारी मी! पाच महिने ज्याला शोधत होतो, त्याच्यावर मीच पेन्सिलीने रेघ मारली होती.

आम्ही ते चौघे काढले. फोटोत पदकं दोनच. तिघांकडे तीन-तीन होती. उरला एक. यादीत त्याच आडनावाचे दोघे असल्याने पुढे आकडा घातलेला: श्मिट दुसरा.

"वीस वर्षांनी निघाला कोण, तर श्मिट!" काकू हसून हसून खोकल्या. "म्हणजे आपला जोशी. त्यातही दुसरा!"

"आणि त्यातलं एक पदक नुसतं नोकरी केल्याचं," मी म्हटलं.

"नुसतं? शौर्याचं पदक एका दुपारचं असतं. हे पंचवीस वर्षं रोज सकाळी उठून कामावर गेल्याचं आहे. तुला तीस वर्षांचं काय मिळालं?"

"नारळ."

"मग गप्प बस, आणि लिही." मी फोटोच्या मागे पेन्सिलीने नाव लिहिलं. काकूंनी ते वाचता येत नसताना त्यावरून बोट फिरवलं.

दोन आठवड्यांनी त्या क्युपर्टिनोला गेल्या. कॅप्टन श्मिट हँडबॅगेत. पुढच्या वर्षी तिथूनही गेल्या, त्या कायमच्याच.

मंडळाने स्मरणिकेत त्यांचा फोटो छापला. खाली ओळ होती: 'जनरल काकू व इतर'. मी संपादकाला फोन लावला. "नाव कुठाय?"

"मावशी, काकूंना सगळे ओळखतात की!"

"त्या कॅप्टनलाही तेव्हा सगळे ओळखतच होते."

शुद्धिपत्र छापेपर्यंत मी रोज फोन केला. मंडळात आता मला खडूस म्हणतात. म्हणू देत. नाव विचारायला मलाही क्युपर्टिनोला फोन करावा लागला, हे मात्र कबूल करते. बारा वर्षं काकू-काकू करत होते, कधी विचारलंच नव्हतं.

माझ्या प्रतीतला फोटो कापून मी मागे पेन्सिलीने लिहून ठेवलंय: इंदुमती श्रीधर लोहोकरे, वेस्ट विंडसर. आणि 'व इतर'मधली डावीकडची, तोंड वर करून उभी आहे ती मी. माझंही नाव लिहिलंय. उगाच कुणाची वीस वर्षं जायला नकोत.