कॅलेंडरमागची तिजोरी

इकडे उत्तरेत, जानकीपुरमच्या आमच्या घरात भिंतीतली तिजोरी बसवली ती आमच्या नेहमीच्या मिस्त्रीने. कुठल्याही खोलीत शिरला, की बोलता बोलता भिंतीवर बोटाचं पेर आपटून बघायची त्याला सवय. आणखी कुणाकुणाकडे तिजोऱ्या बसवल्या, असं मी एकदा विचारलं, तर हसून म्हणाला, "भाभीजी, काम ख़त्म, हम भूल गए." पण मी चहा बिनसाखरेचा घेते, हे त्याला दोन वर्षांनीही आठवत होतं. तेव्हापासून माझ्या मनात पाल चुकचुकली ती कायमची.

तिजोरीवर मी पुण्याहून आलेलं कॅलेंडर टांगलं होतं. त्याला कुणी हात लावायचा नाही, अशी घरात ताकीद होती. मध्यंतरी तो न्हाणीघराच्या फरशा बदलायला आला, तेव्हा मी दिवसभर त्याच्यावर पाळत ठेवून होते. काम संपवून, हात पुसत तो बाहेरच्या खोलीत आला आणि त्याने थेट कॅलेंडरकडे बोट दाखवलं.

"भाभीजी, अगस्त चल रहा है, आपके यहाँ अभी तक मई है. और घंटी बजते ही आप इधर देखती हैं. यहाँ घड़ी लगाइए. घड़ी तो सब देखते हैं."

मी ओशाळले. त्याच संध्याकाळी घड्याळ आणून लावलं.

परवा तो गच्चीचं काम बघायला आला होता. निघताना त्या भिंतीकडे सावकाश नजर टाकून म्हणाला, "अच्छा, चलते हैं, पाँच बज गए."

मनगटावर त्याच्या चांगलं चालू घड्याळ होतं.