मध्यंतरापर्यंतची कहाणी

"सून दिसायला छान आहे हो, कामालाही वाघ आहे. पण तोंडातून शब्द फुटेल तर शपथ! व्याह्यांनी आमच्या पदरात मुकी तर नाही ना घातली?"

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. सासूबाई ते शेजारच्या गोदूकाकूंच्या कानात सांगत होत्या. पण सासूबाईंची कुजबूज म्हणजे डोंबिवलीत केलेली कल्याणला ऐकू जावी अशी! मी तर नुसत्या भिंतीपलीकडे तांदूळ निवडत होते.

त्या दिवशी मी ठरवलं की आता बोलायचं. आणि तिथंच माझं चुकलं. काय झालं ते तुम्हाला म्हणून सांगते, आमच्या बिल्डिंगीत कुणाला सांगू नका. सांगितलंत तरी कुणाचा विश्वास बसायचा नाही म्हणा.

मी मुकी नव्हते हो! पण मला ज्या विषयावर बोलता येतं त्या विषयावर सज्जात कुणी बोलतच नसे. कैरीचं लोणचं का बुरसतं, कुणाची नणंद माहेरी का बसली, यात मी काय भर घालणार? मला गोडी राक्षसांची. आपले पुराणातले नव्हेत, ते बिचारे वर मागून मरतात. मला हवेत ते प्रयोगशाळेत तयार होणारे, मंगळावरून उतरणारे, बर्फाखालून उठून शहरं चिरडणारे. माझं माहेर ठाण्याचं. तिथल्या थेटरात रविवारी सकाळी इंग्रजी चित्रपट लागायचे आणि माझा दादा मला न्यायचा. आई समजे, आम्ही देवळात जातो. देवळात गेलेली मुलगी घरी येऊन रात्री दचकून का उठते, असा प्रश्न तिला कधी पडला नाही.

त्यातला एक चित्रपट माझ्या जिवाला फार लागला होता. आकाशातून तळ्यात एक अंडं पडतं. त्यातून बेडकासारखा प्राणी निघतो आणि घटकेघटकेला वाढत जातो. होड्या गिळतो. एक दाढीवाला प्रोफेसर त्याच्या अंगावर मीठ टाकून बघतो, तर तो असा काही खवळतो की गावातले लोक दारंखिडक्या लावून बसतात. शेवटी तो तळ्यातून वर येतो, चर्चच्या मनोऱ्यावर हात ठेवतो, आणि...

मध्यंतर!

दिवे लागले तर समोर काका उभे. आमचं 'देऊळ' कुठलं, ते त्यांना ठाऊक होतं. "चल घरी. मुलाकडचे उद्या यायचे ते आजच आलेत." गेले. कांदेपोहे दिले. पसंत पडले. तेव्हा माझं लग्न मध्यंतरात ठरलं म्हणायला हरकत नाही. बाकी सगळं ठीक झालं. नवरा चांगला, सासर चांगलं. पण पुढं त्या मनोऱ्याचं काय झालं? प्रोफेसरच्या मुलीचं काय झालं? लग्नाच्या होमासमोर बसूनसुद्धा मी तेच मनात घोळवत होते. सगळ्यांना वाटलं, मुलगी माहेर सुटतं म्हणून रडते.

असो. तर श्रावण आला. आमच्याकडे श्रावणात वारावारची कहाणी सांगायची पद्धत. बायका हातात अक्षता घेऊन बसतात, एकजण सांगते, बाकीच्या हुंकार देतात. सांगणाऱ्या आजी त्या वर्षी लेकीच्या बाळंतपणाला गेलेल्या. रविवारी सगळ्याजणी आमच्या देवासमोर जमल्या आणि एकमेकींची तोंडं बघू लागल्या.

"आमची सूनबाई सांगेल की!" सासूबाई म्हणाल्या. "शिकलेली आहे." आणि कुजबुजल्या, "बघू तरी, वाचा फुटते का."

मी पाटावर बसले. रविवारची कहाणी लहानपणापासून ऐकलेली. पण पंधरा-वीस बायका आपल्याकडे टक लावून बघताहेत म्हटल्यावर डोक्यात जे काही होतं ते सगळं पुसलं गेलं. उरलं ते एकच.

"आटपाट नगर होतं," मी म्हणाले. "नगराबाहेर एक तळं होतं."

"हूं," बायका म्हणाल्या.

"एके दिवशी त्या तळ्यात आकाशातून अंडं पडलं."

"अंडं?" सासूबाई ताठ झाल्या. "देवासमोर?"

पण गोदूकाकू मदतीला धावल्या. गोदूकाकूंना जगातलं सगळं माहीत असतं, जे माहीत नसतं ते तर जास्तच. "अहो माई, हे ते अंडं नव्हे! ब्रह्मांड म्हणजे तरी काय हो? अंडंच ना? पुढं सांग गं."

मग मी थांबतेय कशाला? प्राणी निघाला. वाढला. होड्या गिळल्या. दाढीवाल्या ऋषींनी मीठ टाकलं, तो कोपला. नगरजनांनी दारं लावली. मी हातवारे केले म्हणे. एका ठिकाणी फूत्कारसुद्धा काढला. बायका हुंकार द्यायच्या विसरल्या. खालच्या मजल्यावरच्या सुमावहिनी, ज्या एरवी कहाणीत डुलक्या घेतात, त्यांनी सासूबाईंचा हात घट्ट धरला. शेवटी तो प्राणी, बोलता बोलता मी त्याचा देव करून टाकला होता, तळ्यातून वर आला, त्यानं देवळाच्या शिखरावर हात ठेवला, आणि...

पुढं मलाच ठाऊक नव्हतं!

"आणि मग?" सगळ्या एका सुरात.

"मग... ऋषिकन्येनं हात जोडले. देव प्रसन्न झाला, परत तळ्यात गेला."

"जाताना वसा दिला असेल ना?" गोदूकाकू. "वशाशिवाय कहाणी कुठं असते? काय वसा दिला?"

आता आली का पंचाईत! मी गडबडीत चित्रपटात जे होतं तेच पुढं केलं. "श्रावणातल्या रविवारी मीठ खाऊ नये. मिठानं देवाच्या अंगाची आग होते. आणि दिवेलागणीपर्यंत उंबरा ओलांडू नये."

बायकांनी अक्षता टाकल्या, नमस्कार केला. सासूबाईंचे डोळे भरून आले होते. "बोलते हो आमची सूनबाई," त्या म्हणाल्या. "आणि काय बोलते!"

खरं सांगून टाकायची ती वेळ होती. पण लग्नानंतर पहिल्यांदा सासूबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला होता. तुम्ही सांगितलं असतंत?

पुढच्या रविवारी बिल्डिंगीतल्या प्रत्येक घरात अळणी स्वयंपाक. पुरुषांचा आठवड्यातला सुटीचा एकुलता एक दिवस, आणि पानात अळणी आमटी! त्यातून घराबाहेर पडून कुठं भजी खावीत, तर उंबऱ्यात बायको उभी. आमचे हे घास घोळवत म्हणाले, "हा कुठला वसा? आपल्याकडे कधी नव्हता."

"नव्हता कसा?" सज्जातून गोदूकाकू. "आमच्याकडे आजेसासूच्या काळापासून आहे!"

ऐकलंत? मी आठ दिवसांपूर्वी रचलेला वसा काकूंच्या आजेसासूच्या काळी पोचलासुद्धा! त्यात सुमावहिनींचं हरवलेलं कानातलं नेमकं त्याच दिवशी पिठाच्या डब्यात सापडलं. झालं! ते तिथं पडलं कसं हे कुणी विचारलं नाही, सापडलं कसं हे सगळ्यांना कळलं. मग पलीकडच्या चाळीतल्या बायका यायला लागल्या, मग कल्याणहून कुणाची मावसबहीण आली. मला पाटावर बसवून मध्यंतरापर्यंतची कहाणी पुन्हा पुन्हा सांगायला लावत. फूत्कार राहिला तर आठवण करून देत.

आणि अशातच एका संध्याकाळी हे वर्तमानपत्र वाचता वाचता हसले. "काय एकेक चित्रपट लावतात! ठाण्याला म्हणे तळ्यातला राक्षस बेडूक. या रविवारी सकाळी एकच खेळ."

माझ्या हातातली पळी आमटीत पडली.

तोच! माझाच! परत आला होता. आणि कधी? तर रविवारी! म्हणजे ज्या वारी उंबरा ओलांडायचा नाही त्या वारी. हा नियम कुणी केला? मी! जगात इतके वार पडले होते, इतके नियम पडले होते, मला नेमका हाच सुचावा?

दोन दिवस मला घास गोड लागेना. तिसऱ्या दिवशी गोदूकाकूच आल्या. "अगं, श्रावणातला हा शेवटचा रविवार. वशाचं उद्यापन कसं करायचं?"

मी इकडं तिकडं पाहिलं नाही. म्हणाले, "उद्यापनाला मात्र उंबरा ओलांडावाच लागतो. सकाळी उठून तळ्यांच्या गावी जायचं. तिथं एका काळोख्या दालनात बसून देवाचं रूप डोळ्यांनी पाहायचं. शेवटपर्यंत."

"तळ्यांचं गाव म्हणजे?"

"ठाणं."

"आणि काळोखं दालन?"

"यांना ठाऊक आहे," मी कोपऱ्यात वर्तमानपत्र घेऊन बसलेल्या ह्यांच्याकडे बोट केलं. ह्यांना ठसका लागला. मग त्यांनी वर्तमानपत्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वर्तमानपत्राकडे पाहिलं. आमच्या संसारात ह्यांना मी पहिल्यांदा कळले ती हीच घटका. "हो," ते म्हणाले. "आहे खरं तसं एक." भला माणूस!

मला वाटलं होतं, चार-पाचजणी येतील. आल्या वीस! ठेवणीतली लुगडी, खणाच्या चोळ्या, नाकात नथी. थेटराच्या दारावरच्या माणसानं सासूबाईंना अडवलं. "बाई, नारळ आत न्यायचा नाही."

"मग देवापुढं काय तुझं डोकं फोडू?"

नारळ आत गेला.

बायकांच्या बाजूला आम्ही अख्ख्या दोन रांगा भरल्या, पुरुषांच्या बाजूला आमचे हे एकटे. अंधार झाला. आकाशातून अंडं पडलं आणि दोन्ही रांगांमधून आवाज निघाला, "अगं बाई!" सासूबाईंनी हात जोडले. प्राणी निघाला, वाढला, होड्या गिळल्या. प्रत्येक वेळी माझ्या पाठीवर थाप. "सूनबाईनं सांगितलं तस्संच गं! अगदी तस्संच!"

आता उलगडा होणार म्हणून मी अंग चोरून बसले होते. सुमावहिनींना शंका आलीच. "पण काय हो गोदूकाकू, आपल्या कहाणीत हे साहेबलोक कसे?"

"कसे म्हणजे? दीडशे वर्षं काय नेलं नाही त्यांनी आपलं? जाताना कहाणीसुद्धा घेऊन गेले!"

रांगभर हळहळ पसरली. माझ्यावर कुणाचा संशय नाही. चोर ठरला तो साहेब.

मनोरा आला. हात पडला. मध्यंतर झालं. सासूबाईंनी खोबरं वाटलं. आणि पुन्हा अंधार झाला तेव्हा, खरं सांगते, मी खुर्चीच्या टोकावर सरकून बसले. या क्षणासाठी मी एक लग्न सोसलं होतं! प्राण्यानं मनोरा उचलला. प्रोफेसरची मुलगी धावत पुढं आली. तिच्या हातात काही तरी होतं. काय होतं? मी पुढं वाकले, आणि पडद्यावर तोफांच्या गाड्या आल्या.

"अगं, हे काय!" सासूबाई ताडकन उभ्या राहिल्या. "देवावर तोफा? उठा गं! उठा सगळ्या! हे पाहणंसुद्धा पाप!"

"सासूबाई, थोडंच राहिलंय..." मी म्हणाले. पण वीस लुगड्यांचा लोंढा उठला की त्यात एका सुनेचं काय चालतं? मला दोन्ही बाजूंनी धरून नेलं. मागं वळून पाहत होते तर समोर गोदूकाकूंचा अंबाडा. प्राण्यानं तोंड उघडलं, मुलीनं हात वर केला, आणि दारावरचा पडदा पडला.

थेटराच्या पायऱ्यांवर सगळ्या जाऊन बसल्या. ह्यांना बाहेर यायला वेळ लागला. आले ते हसू दाबून चेहरा लाल करून. शेवट पाहून आले होते! मी डोळ्यांनी विचारलं. ते सासूबाईंसमोर काय सांगणार?

मग मात्र माझा संयम सुटला. "सासूबाई," मी म्हणाले, "हा देव नाही. हा चित्रपट आहे. मी लग्नाआधी पाहिलेला. कहाणी, वसा, सगळं मीच रचलं."

सासूबाईंनी माझ्या कपाळाला हात लावला. "रविवार-रविवार अळणी खाऊन चक्कर आलीय पोरीला. अगं, एवढं का कुणाला रचता येतं?"

"देवाला मारताना पाहिलं, त्याचा ताप आहे तो," गोदूकाकू म्हणाल्या. "आता प्रायश्चित्त काय, ते हिलाच विचारा."

"घ्यायचं कुणी?" सुमावहिनी.

"हिनंच! वसा हिनं दिला, उद्यापन हिनं सांगितलं. बोल गं सूनबाई, काय सोडतेस?"

वीसजणी माझ्याकडे पाहत होत्या. त्यांच्या डोक्यांवरून समोरची भिंत दिसत होती. तिथं थेटरातला माणूस बेडकाचं चित्र काढून नवं चित्र चिकटवत होता. घराएवढा विंचू. नांगीत आगगाडी. खाली लिहिलेलं, पुढच्या रविवारी सकाळी.

मी पदर सावरला, डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "वर्षभर चहा सोडते. पण पुढच्या रविवारी सगळ्यांनी पुन्हा इथं यायचं, आणि तो विंचू मरेपर्यंत कुणीही जागचं उठायचं नाही!"