पांढऱ्या तबकडीवरची काळी वर्तुळं

घड्याळजी म्हणजे महा हट्टी माणूस. चाळीस वर्षं एकाच खिडकीपाशी, एकाच टेबलावर, उजव्या डोळ्याला भिंग लावून बसलेला. गेल्या दोन वर्षांत मात्र त्याला नवंच वेड लागलं होतं. पांढऱ्या तबकडीवर सेकंद-मिनिटं मोजणारी छोटी काळी वर्तुळं, नाहीतर काळ्या तबकडीवर पांढरी, अशीच मनगटी घड्याळं त्याला हवी असत. तसली जुनी घड्याळं जमवणारे शौकीन लांबून यायचे आणि दुरुस्तीबरोबर प्रवचनही ऐकून जायचे.

"तबकडी म्हणजे घड्याळाचा चेहरा," तो सांगायचा. "काजळ घातलेल्या पोरीकडे नजर आधी जाते की नाही? तसंच हे. शर्यतीतल्या माणसालाही एका नजरेत सेकंद दिसतात. उगाच नाही लोक जिवापाड जपत!"

बोलणं खरं होतं, पण अर्धंच. चंदेरी तबकडीवरचे चंदेरी काटे आता त्याला दिसत नसत, हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या लेकीला तर मुळीच नाही. तिला कळलं तर ती म्हणणार, बाबा, आता घरी बसा. घरी बसून करायचं काय, माश्या मारायच्या? टेबल सुटण्याची त्याला मनापासून भीती वाटायची. म्हणून चंदेरी घड्याळ आलं की तो ते तिच्याकडे सरकवायचा. "किरकोळ काम आहे, तूच कर."

एकदा जुनं गिऱ्हाईक असलेले मास्तर आले. घड्याळ चंदेरी, काटेही चंदेरी.

"तुमच्याशिवाय याला कुणाचा हात लागलेला नाही," मास्तर म्हणाले. "तुम्हीच करा."

आली का पंचाईत! नाही म्हणायला तोंड नव्हतं. मास्तर घड्याळ ठेवून गेले. आतलं यंत्र त्याने नेहमीसारखंच कानाने ओळखून ठीक केलं. राहिले काटे. दोन्ही बारावर एकावर एक ठेवून दाबायचे, एवढंच. त्याने अंदाजाने दाबले आणि हात धुवायला आत गेला.

हात पुसताना बाहेरून बारीकसा 'टिच्' ऐकू आला. काटा उपटून पुन्हा बसवल्याचा आवाज, हजारदा ऐकलेला. तो बाहेर आला. मास्तरांचं घड्याळ लेकीच्या हातात होतं.

"किती चुकले होते?"

"अकरा आणि बाराच्या मधे बसले होते."

तो खुर्चीत टेकला. "कधीपासून माहीत आहे तुला?"

"दोन वर्षं झाली, बाबा."

"मग बोलली का नाहीस?"

तिने खणातून एक कार्ड काढून त्याच्या हातात दिलं. "हे छापून मी सगळ्या शौकिनांना पाठवलं होतं. तुम्हाला दिसेल असंच काम दुकानात यावं म्हणून."

आणि हा समजत होता, लोक आपल्या प्रवचनाला भुलून येतात! कार्ड घेऊन तो खिडकीशी गेला. 'पांढऱ्या-काळ्या तबकड्यांचे जाणकार,' त्यावर लिहिलं होतं. अक्षरं मोठी, पांढऱ्यावर काळी. त्याला ती भिंगाशिवाय वाचता आली.