पडद्यावरचा पट्टा

आमच्या सेवा क्लबची सभा ऑनलाइन असते. राष्ट्रगीताला बाकीचे बसूनच राहतात. एक सभासद तेवढा उभा राहतो, म्हणून पडद्यावर त्याचा नुसता कमरेचा पट्टा दिसतो. "भाऊ, थोबाड तं दाखव!" कोणीतरी चिडवतंच. कळंब रोडला तो फवारणीचे पंप दुरुस्त करतो.

क्लबच्या अदलाबदल योजनेत त्याच्या मोठ्या मुलीची वर्षभर परदेशी शिकायला निवड झाली. अट एकच, तिकडची मुलगी यांच्या घरी राहणार. घर बघायला क्लबतर्फे मी गेलो. कापसानं दगा दिलेला, दुकानात काम नाही, तरी नवी खाट आणि मच्छरदाणी आणलेली. "आमी ओसरीत झोपून राहू. आतली खोली पाहुणीले. पानी घेता न, सर?"

भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. घसा कोरडा असूनही मी नको म्हणालो. क्लबला कळवलं, घर योग्य नाही. खरं कारण त्याची जात होती. ते आज लिहितोय.

मुलीचं जाणं रद्द झालं. तो सभेला येतोच.

परवा राष्ट्रगीत संपलं तरी तो बसला नाही. पट्ट्याच्या वरून आवाज आला, "सर, घरात काय कमी होतं? सांगा न जी. लहानीच्या वेळेले करून घेतो."

नेट गेल्याचं दाखवून मी सभेतून बाहेर पडलो.