सखुबाईचं पथ्य

मखमलाबादच्या सखुबाईची शेवंती नाशिकच्या फुलबाजारात सगळ्यांच्या आधी खपायची आणि तिची जीभ शेवंतीच्याही आधी सुरू व्हायची. कुणाची सून माहेरी का गेली, हे त्या सुनेच्या नवऱ्याआधी सखुबाईला कळे. माझ्या निम्म्या बातम्या तिच्याकडूनच आलेल्या, म्हणून सांगतो, बाई भोळी नव्हती. तरी तिच्या पुतण्याने, भारतने तिला गंडवलं, याचा संताप अजून जात नाही.

दोन हजार तीनची गोष्ट. कॅन्सर म्हणून तिच्या छातीतली गाठ काढली होती. पुढे किरणांचा शेक घ्यायचा होता.

"पथ्य काय?" तिने विचारलं.

"काही नाही, आजी. सगळं खा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

झालं. ज्याला पथ्य नाही ते कसलं औषध? सखुबाईचा विश्वास तिथेच उडाला.

तेवढ्यात हा भारत उगवला. भर उन्हाळ्यात टाय लावून, साखळीपद्धतीने डबे विकत.

"काकू, ही पावडर अंगात नायट्रिक ऑक्साइड वायू तयार करते. तो कॅन्सर जाळतो. नोबेल मिळालंय त्याला."

"पथ्य हाय का?"

"कडक. वांगं बंद, आंबट बंद, आणि शेक तर अजिबात नाही."

सखुबाई खूश. पावसाळा सरला तरी ती शेकाला गेली नाही, आणि गाठ पुन्हा हाताला लागली.

सून मनीषा तिला ओढतच दवाखान्यात घेऊन गेली. सासू बाहेर बाकावर फुगून बसली. सुनेने आत जाऊन डबा टेबलावर आपटला.

"नोबेल मिळालं ते रक्तवाहिन्यांवरच्या शोधाला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "हा वायू आपलं शरीरच बनवतं. थोडा असला तर गाठीला रक्त पुरवून पोसतो, फार झाला तर तिच्या पेशी मारतोही. तो नेमका वापरायचा कसा, हे अजून प्रयोगशाळांत शोधताहेत."

म्हणजे जगभरचे शास्त्रज्ञ चाचपडताहेत, आणि आमच्या भारतला चमच्याचं मापही ठाऊक. टाय त्याच्या गळ्यात होताच, कुणी जरा ओढायला हवा होता.

"मॅडम, त्यांना पथ्य सांगा काहीतरी," मनीषा म्हणाली. "त्याशिवाय त्या यायच्या नाहीत."

डॉक्टरीणबाईंनी सखुबाईला आत बोलावलं. चेहरा कडक केला. "आजी, मिशरी बंद. ही पावडर बंद. आणि ज्याने ती दिली, त्याच्याशी बोलणं बंद."

"असं आधी सांगायचं ना," सखुबाई म्हणाली. "कधी येऊ?"

पुन्हा चिरफाड झाली, मग शेक. टाळता आलं असतं ते सगळं बाईने सोसलं, आणि भारतने साधी माफी मागितली नाही. उलट पुढच्या वर्षी नवा डबा घेऊन फुलबाजारात हजर.

सखुबाईने तोंडाला पदर लावला आणि शेजारच्या भागीबाईला म्हणाली, "त्याला सांग, मला पथ्य हाय."

शेक संपून तेव्हा कितीतरी महिने झाले होते.